सोफ्यावरचा माणूस

ऑफिसात तिला सगळे चौकटबाई म्हणायचे. बातम्यांच्या एका साइटवर जाहिरातींच्या चौकटी लावणं हे तिचं काम. कुठली चौकट बातमीच्या डोक्यावर, कुठली मजकुराच्या पोटात, कुठली पडद्याच्या तळाला चिकटून, ते ठरवायचं, लावायचं आणि मुदत संपली की उतरवायचं. बातम्या लिहिणारी मंडळी तिच्याकडे जरा वरूनच बघायची. ते गाणारे आणि ही दारात तिकिटं फाडणारी, असा एकंदर तोरा. पण त्यांची चूल हिच्या चौकटींवर पेटते हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती कुणाचं ऐकून घ्यायची नाही. "लोक तुमच्या बातमीसाठी येतात, मान्य," ती म्हणायची, "पण इथले दिवे माझ्यामुळे लागतात."

धंदा तिच्या रक्तातलाच. बाप भिंतीवर जाहिराती रंगवायचा. साबण, चहा, सिमेंट, सायकली. बापाची एक खोड होती. अर्धी भिंत रंगवून झाली की शिडीवरून उतरायचा, रस्ता ओलांडून पलीकडे जायचा आणि तिथून भिंतीकडे बघत उभा राहायचा. मग उकिडवा बसून बघायचा, पोरासोरांच्या उंचीवरून. लोक हसायचे. तो लेकीला सांगायचा, "पोरी, रंगवताना भिंत नाकाला लागलेली असते. तिथून जे दिसतं ते जगात दुसऱ्या कुणालाच दिसत नाही." आणि त्याचा एक नियम होता. घराचा नंबर, रस्त्याची पाटी नि दवाखान्याचा बाण यांवर ब्रश फिरवायचा नाही, गिऱ्हाइकाने पाय धरले तरी. एका साबणवाल्याने हट्ट धरला की बाण मधोमध येतोय, पुसून टाक. बापाने बाण तसाच ठेवून त्याच्याभोवती साबण रंगवला. साबणाच्या वडीला कुणीतरी चावा घेतल्यासारखं दिसायचं. साबणवाला संतापला, रस्ता मात्र खूश झाला.

लेकीने ही गोष्ट सगळ्यांना शंभरदा सांगितली होती. सांगणं सोपं असतं.

ऑफिसात तिच्या टेबलाच्या खणात एक जुना फोन असायचा. मागचं झाकण रबरबँडने धरलेलं, काचेला एक तडा. त्याला ती म्हातारा म्हणायची. त्यातला ब्राउझर, म्हणजे साइट उघडून दाखवणारं ॲप, इतका जुना की नवीन पानं त्याला दात पडलेल्याने चणे खावेत तशी चघळावी लागत. पण नवीन चौकट लावली की ती आधी म्हाताऱ्यावर बघायची. जड पान आलं की म्हातारा गोठायचा. मग त्याला बाहेरून फोन केला तर करणाऱ्याच्या कानात घंटी वाजत राही, आणि इथे म्हातारा मेल्यासारखा गप्प. हे त्याचं सोंग तिला पाठ होतं.

मग साइट सांभाळायला नवा तंत्रज्ञ आला. तो काम करताना शीळ घालायचा, म्हणून त्याचं नाव पडलं शिट्टी. पोरगा हुशार, पण स्वतःच्या हुशारीला भाळलेला. त्याने म्हातारा दोन बोटांत उंदरासारखा उचलला. "हे काय आहे? असले फोन आता कोण वापरतं?"

"मी वापरते, तपासायला," चौकटबाई म्हणाली.

"ताई, हे म्हणजे बैलगाडीवरून विमानतळ तपासण्यासारखं आहे." सगळे हसले. तीही हसली. ऑफिसच्या साफसफाईत म्हातारा भंगाराच्या खोक्यात गेला, आणि संध्याकाळी तिने तो परत काढून पर्समध्ये टाकला. सासूबाईंचा फोन त्याच आठवड्यात बादलीत पडून गेला होता. भंगारात जाण्यापेक्षा आईंना होईल, असा तिचा साधा विचार. असले फोन कोण वापरतं या प्रश्नाचं उत्तर तिच्या पर्समध्ये होतं, पण तिच्या ते ध्यानात आलं नाही.

ऑफिसची आणखी एक तऱ्हा सांगायलाच हवी. जाहिरातींवर जगणाऱ्या त्या जागेत एकाही माणसाला जाहिरात दिसत नव्हती. साहेबांना, म्हणजे साइटच्या मालकांना, डोळ्यांपुढे काही हललेलं खपायचं नाही. त्यांनी प्रत्येक कॉम्प्युटरवर जाहिराती अडवणारं ॲप बसवून घेतलं होतं. पाहुण्यांना साइट दाखवायचे नि म्हणायचे, "बघा, किती मोकळं पान आहे आपलं." लोकांना वाढायचं ते आपण तोंडात घालायचं नाही, असा हा खाक्या. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे दिवाच लोकांच्या डोळ्यांवर रोखलेला. फक्त चौकटबाईच्या कॉम्प्युटरवर ते ॲप नव्हतं. म्हणून म्हातारा गेल्यावर चौकटी तपासायच्या त्या तिच्या कॉम्प्युटरवर आणि तिच्या स्वतःच्या फोनवर. दोन्ही नवे.

घरी सासूबाई आणि चार वर्षांची लेक. लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती सरळ चालायचीच नाही. नवरा लांब पल्ल्याची गाडी चालवायचा, घरी पाहुण्यासारखा. सासूबाईंना अख्खी छापखान्याची गल्ली मुकादम म्हणायची. आवाज असा की गल्लीच्या या टोकाला त्या खाकरल्या तर त्या टोकाला माणूस उठून बसेल. भाजीवाल्याला, कचरागाडीला, शेजारच्या भांडणाला, सगळ्यांना त्यांच्या हुकमात चालावं लागे. आणि सुनेचा त्यांना भारी अभिमान. शेजारीण काही सांगायला आली की म्हणायच्या, "ऐकीव नको सांगूस. आमच्या सुनेच्या साइटवर आलंय का? नाही ना? मग नाही झालं ते." रोज सकाळी चष्मा लावून म्हाताऱ्यावर साइट उघडायच्या. पान हळूहळू वरून खाली उतरायचं, त्या तोवर दाणे निवडायच्या. त्यांना कुठे घाई होती.

त्या दिवशी सकाळी चौकटबाई नुकती टेबलाशी टेकली होती, तेवढ्यात पाणीखात्याची सूचना आली. उत्तरेकडची टाकी धुताना वापरलेलं रसायन टाकीतच राहून गेलं होतं आणि ते पाणी नळांना सुटलं होतं. पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका. खाली गल्ल्यांची यादी. यादीखाली दोन ओळी. पहिली: हे पाणी उकळूनही वापरू नका. दुसरी: वरील गल्ल्या सोडून इतर सर्व भागांत पाणी नेहमीप्रमाणे वापरता येईल.

बातमीवाल्यांनी पान बनवलं, पानावर झुंबड उडाली. यादीत छापखान्याची गल्ली आहे हे चौकटबाईने वाचलं. आई रोज वाचतात, वाचलं असेल. तरी फोन करावा म्हणून तिने हात पुढे केला, इतक्यात साहेब दारात.

"त्या पाण्याच्या पानावर आज गावजत्रा लोटलीय. सोफावाल्याची मोठी चौकट आहे ना, ती तिथे टाक. आत्ताच्या आत्ता."

"सूचनेच्या पानावर?"

"तळाला टाक. तळाला कुणाच्या बापाचं काय जातंय?"

चौकटीत एक माणूस सोफ्यावर पाय पसरून हसत बसलेला. तिने चौकट पडद्याच्या तळाशी लावली, उजव्या कोपऱ्यात बंद करायची फुली. कॉम्प्युटरवर बघितली, फोनवर बघितली. चिकटली होती, नीट, तळाला. यादी वर स्वच्छ दिसत होती. मग लगोलग दुसऱ्या एका दुकानाचं काम आलं, मग तिसऱ्याचं, आणि घरी करायचा फोन राहून गेला.

दुपार व्हायच्या सुमाराला टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे एक म्हातारा आवाज. घड्याळं दुरुस्त करतो म्हणाले, विहिरीच्या गल्लीत राहतो.

"बाई, तुमच्या पानावर एक माणूस सोफ्यावर बसलाय."

"हो आजोबा, जाहिरात आहे ती."

"ते कळलं. पण तो उठत नाही हो."

तिला हसू आलं. "कोपऱ्यात फुली आहे बघा, ती दाबा. उठेल."

"फुली नाही. चष्मा बदलून बघितलं. यादीच्या ऐन मध्यात बसलाय तो, बस्तान मांडून. आमच्या गल्लीचं नाव काही दिसत नाही, म्हणजे आम्ही सुटलो असंच ना?"

तिचं हसू तिथल्या तिथे विरलं. "आजोबा, जे दिसतंय ते मला वाचून दाखवा. वरपासून."

त्यांनी सावकाश वाचलं. "सुतार गल्ली. बाजारामागची गल्ली. जुना डेपो. मग हा माणूस. मग वरील गल्ल्या सोडून इतर सर्व भागांत पाणी नेहमीप्रमाणे वापरता येईल."

कापूस गोदामाची गल्ली, छापखान्याची गल्ली, विहिरीची गल्ली आणि उकळूनही वापरू नका ही ओळ, सगळं त्या माणसाच्या बुडाखाली होतं.

"आजोबा, फोन कुठला आहे तुमचा?"

"जुना आहे. मुलाने टाकून दिलेला."

नव्या ब्राउझरला सांगितलं की तळाला चिकट, तर तो चिकटतो. जुन्याला ती भाषाच येत नाही. तो चौकट जिथे सापडेल तिथे उभी करतो आणि खाली कोण चिरडलं ते बघत नाही. फुली पडद्याच्या बाहेर ढकलून देतो. हे तिला माहीत होतं. म्हाताऱ्यावर तिने असलं सतरांदा पाहिलं होतं. आणि म्हातारा आत्ता कुठे होता?

"आजोबा, पाण्याला हात लावू नका. तुमची गल्ली यादीत आहे. शेजाऱ्यांना सांगा. उकळूनही घेऊ नका." एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि घरी लावला.

घंटी वाजत राहिली. वाजून वाजून बंद पडली. तिने परत लावला. सासूबाई फोन पितळी वाटीत ठेवायच्या, घंटी मोठी ऐकू यावी म्हणून. घरात असताना त्यांनी फोन उचलला नाही असं कधी झालंच नव्हतं. घंटी वाजत होती, कुणी उचलत नव्हतं, आणि याचा अर्थ तिच्याइतका जगात कुणालाच कळला नसता. म्हातारा गोठला होता. म्हातारा जड पान उघडल्यावर गोठतो. म्हणजे आईंनी पान उघडलं होतं. सोफ्यावरचा माणूस त्यांच्या हातात होता.

ती उठून साहेबांच्या खोलीत गेली. शिट्टी तिथेच होता. तिने सांगितलं. साहेबांनी आपल्या कॉम्प्युटरवर पान उघडलं, मान वाकडी करून बघितलं. "कुठे आहे चौकट? सगळं स्वच्छ दिसतंय की."

"साहेब, तुम्हाला कुठलीच चौकट दिसत नाही. तुम्ही अडवलीय."

"असं होय."

शिट्टीने शीळ थांबवली. "जुना ब्राउझर असणार. ताई, असले किती लोक असतील? शंभरात दोन."

"त्या दोघांत माझ्या सासूबाई आहेत. आणि त्यांच्या मांडीवर माझी पोर."

साहेबांनी घसा साफ केला. "सोफावाल्याला संध्याकाळपर्यंतचा शब्द दिलाय. मी जरा त्याच्याशी बोलतो, मग आपण—"

ती वाक्य संपायच्या आत आपल्या टेबलाशी होती. चौकट उतरवली. विचारलं नाही, सांगितलं नाही. पण उतरवताना लक्षात आलं की हे वरातीमागून घोडं आहे. पान साइटवरून बदललं तरी ज्याच्या हातात ते आधीच उघडलंय, त्याच्या हातातून ते कोण काढणार? गोठलेल्या फोनवर तो माणूस बसूनच राहणार, हसत.

पर्स तिथेच राहिली. ती जिना उतरून रस्त्यावर आली. पाण्याच्या टँकरने चौक अडवला होता, गाड्या एकमेकींच्या उरावर चढलेल्या. ती चालत सुटली, मग पळत. घराकडचा रस्ता कापूस गोदामाच्या गल्लीतून जायचा. गल्लीत शिरली तर एका ओट्यावर बाई तांदूळ धूत बसलेली, नळाखाली. तिचा नवरा बाजेवर पेला घेऊन.

"ते पाणी पिऊ नका," ती ओरडली. "टाकीत औषध आहे."

बाईने मान वर केली. "सकाळी बघितलं आम्ही. आमची गल्ली नाही त्यात."

"आहे. झाकली गेलीय."

"अशी कशी झाकली जाईल?" बाईने ओला हात पुसून फोन उचलला आणि तिच्यापुढे धरला. सुतार गल्ली, बाजारामागची गल्ली, जुना डेपो, आणि सोफ्यावरचा माणूस. "हे बघ, साइटवर आहे. तुझ्या तोंडावर विश्वास ठेवू की साइटवर?"

ती साइट मीच लावते, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. ते सांगायचं तर थांबावं लागेल, समजवावं लागेल, शिव्या खाव्या लागतील, आणि पुढच्या वळणापलीकडे भिंगरीच्या हातात पेला असेल. "माझ्या पोरीच्या गळ्याशपथ," ती एवढंच म्हणाली. "नका पिऊ." आणि पुढे पळाली. प्रत्येक दारात ओरडत. काही दारांतून माणसं बाहेर आली, काहींतून नुसती हसली. एक पोरगं म्हणालं, वेडी आहे. ती मागे वळली नाही, आणि मागे न वळण्याचं ओझं पळता पळता तिच्या पाठीवर वाढत गेलं. ज्यांना पटलं नाही त्यांचं काय, हा विचार ती पुढच्या दारापर्यंत ढकलायची, आणि तो पुढच्या दारात तिच्याआधी पोचलेला असायचा.

छापखान्याची गल्ली गप्प होती. ती गल्ली कधी गप्प नसायची. सासूबाईंचा आवाज या वेळेला हमखास चालू असायचा, कुणा ना कुणावर. ती दारापाशी आली आणि थांबली. आत जायचं होतं, आणि आत जे असेल ते बघायचं नव्हतं. बाहेर उभं राहिलं तोवर काहीच झालेलं नसतं, असा काहीतरी खुळचट हिशेब तिच्या मनाने मांडला. मग तिने दार ढकललं.

ओट्यावर पातेलं, त्यावर झाकण, वाफ अजून निघत होती. बाजूला दोन पेले. एक अर्धा, एक रिकामा. खिडकीत पितळी वाटीत म्हातारा, पडदा उजळलेला, त्यावर तो माणूस.

भिंगरी जमिनीवर बसून बाहुलीच्या पायात मोजा घालत होती. "आई," ती म्हणाली, "पाणी साबणासारखं लागतं."

तिने पोरीला उचललं, तोंड उघडून आत बघितलं, ओठांचा वास घेतला. "प्यायलीस? खरं सांग, किती प्यायलीस?"

"थुंकलं. आजी रागावली."

सासूबाई आतल्या खोलीतून आल्या. भिंत धरून. चेहरा पांढरा पडलेला, एक हात गळ्यावर. बोलायला गेल्या तर आवाज फाटका आला. "अगं, तू कशी आत्ता? घाबरू नको, मी वाचलं होतं. आपली गल्ली नाही त्यात. तरी म्हटलं लेकराला द्यायचंय, म्हणून चांगलं खळखळून उकळलं."

"आणि?"

"ही पिईना. नखरे. मग मी म्हटलं, बघ, आजी पिते की नाही. आणि प्यायले सगळा पेला." त्यांनी गिळलं, आणि गिळताना डोळ्यांत पाणी आलं. "जळतंय गं."

पुढचं सगळं तिला तुकड्यातुकड्यांत आठवतं. निघताना सासूबाईंनी सवयीने वाटीतून उचललेला म्हातारा. रिक्षा. रिक्षावाला भाडं न विचारता निघाला. दवाखान्याच्या रस्त्यावर भिंतीवर एक जुना बाण होता, आणि तो बघून तिला रडू फुटलं. दवाखान्यात गर्दी होती. उत्तरेकडच्या टाकीचीच सगळी. नर्स विचारत होती, काय प्यायल्या, किती, केव्हा, उकळलं होतं का. उकळलं होतं म्हटल्यावर नर्स पुटपुटली, "आज बरेच जण उकळूनच प्यायलेत." भिंगरीला तपासून बाजूला बसवलं, पोर बरी होती. सासूबाईंना आत नेलं आणि दार लावलं.

त्या दारासमोरच्या बाकावर ती बसली. दाराला काच होती, काचेवर पडदा. पडद्यामागे सावल्या हलत. सावली थांबली की तिचा श्वास थांबायचा, हलली की सुरू व्हायचा. आतून डॉक्टर आले तर ते काय सांगतील याची तिने शंभर वाक्यं तयार केली, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो माणूस पाय पसरून बसलेला होता.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कापूस गोदामाच्या गल्लीतली ती बाई येऊन टेकली. नवरा आत होता. तिने चौकटबाईला ओळखलं आणि एकदम तिचा हात धरला.

"तू ओरडत होतीस. मी ऐकलं नाही. ह्यांनी पेला संपवला होता तोवर. पण तू गेल्यावर मनात आलं, बाई गळ्याची शपथ उगीच घालणार नाही. पोरांना नाही दिलं मी. तुझ्यामुळे वाचली पोरं." मग डोळे पुसून म्हणाली, "त्या साइटवाल्यांना मात्र भर चौकात फोडून काढायला हवं. बरोबर की नाही?"

"बरोबर," चौकटबाई म्हणाली. बाईने हात धरून ठेवला होता. तो सोडवून घ्यायची तिला हिंमत झाली नाही, आणि धरू द्यायची लाज वाटत होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी आत बोलावलं. जिवाचं भय टळलंय असं वाटतं, म्हणाले. वाटतं, हा शब्द तिने पकडून ठेवला. घसा आतून भाजलाय, आवाजाचं आत्ताच सांगता येणार नाही.

मुकादम खाटेवर पडल्या होत्या, लहान झाल्यासारख्या. सून जवळ बसली तशी त्यांनी बोटाने खूण केली, जवळ ये. कुजबुजल्या. शब्द वाऱ्यासारखे निघत होते.

"फोन नीट बघितला मी पडल्या पडल्या. तुझ्या साइटवर तो सोफ्याचा माणूस होता. त्याच्याखाली काही होतं का गं?"

"होतं आई."

"आपली गल्ली?"

"हो. आणि उकळू नका तेही."

"कुणी बसवला त्याला तिथे?"

ती म्हणू शकली असती की साहेबांनी सांगितलं. खोटं नव्हतं ते. म्हणू शकली असती की जुना ब्राउझर, शिट्टी, ऑफिस. तेही खोटं नव्हतं. दाराबाहेर मघाशी तिने तोंड मिटून घेतलं होतं. इथे ते मिटेना.

"मी," ती म्हणाली. "या फोनवर बघूनच लावायची मी चौकटी. हा तुम्हाला दिला आणि मग बघितलंच नाही."

सासूबाईंनी डोळे मिटले. सुनेला वाटलं झोपल्या. मग त्यांचा हात उशीखाली गेला, रबरबँड लावलेला फोन बाहेर आला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला गेला. रागाने नाही, आदळून नाही. उसनी आणलेली वाटी परत करावी तसा.

"हा तूच ठेव," त्या कुजबुजल्या. "मी शेजारणीला विचारत जाईन."

त्या थोबाडीत मारत्या तर बरं झालं असतं.

साइटवर दुसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या की तांत्रिक अडचणीमुळे काही वाचकांना सूचना अपूर्ण दिसली. अडचण तांत्रिक म्हटली की ती कुणाचीच नसते, आपोआप उगवते, गाजरगवतासारखी. शहाण्या माणसांनी मोठ्या मेहनतीने शोधलेला हा शब्द आहे. साहेबांनी आपल्या कॉम्प्युटरवरचं ॲप आजवर काढलेलं नाही. सोफावाल्याची चौकट आठवड्याने परत आली, दुसऱ्या पानावर. शिट्टी मात्र बदलला. त्याने कुठून कुठून टाकून दिलेले फोन गोळा करून तिच्या खणात आणून ठेवले. त्या दिवशी त्याने शीळ घातली नाही.

सूचनेच्या पानावर चौकट लावायची नाही, असं तिने साहेबांना तोंडावर सांगितलं. मला कामावरून काढून टाका हवं तर, म्हणाली. साहेब काढत नाहीत, कारण दिवे अजून तिच्यामुळेच लागतात.

प्रत्येक नवी चौकट ती पहिल्यांदा म्हाताऱ्यावर उघडते. पान वरून खाली, ओळ ओळ करत उतरतं. शेवटची ओळ दिसेपर्यंत ती फोन खाली ठेवत नाही. ही धास्ती आता जाणार नाही, तिला माहीत आहे. बाजारात कुणी जुना फोन डोळ्यांजवळ धरून वाचताना दिसला की ती मागून वाकून बघते, काय झाकलंय का. लोक चमकून फोन छातीशी घेतात.

सासूबाई घरी आल्या. आवाज आला, पण अर्धाच, आणि तोही फुटक्या भांड्यासारखा. कचरागाडीवाला आता त्यांच्या दारासमोर गाडी थांबवतो आणि उतरून विचारायला येतो, कारण हाक ऐकू येत नाही. सुनेशी त्या पूर्वीसारख्याच वागतात. ताट वाढतात, भिंगरीची वेणी घालतात, तिने मीठ जास्त घातलं की टोमणा मारतात. तेवढं एक सोडून.

रोज सकाळी चौकटबाई चहा घेत बसलेली असते, समोर, हाताच्या अंतरावर. सासूबाई खिडकीशी जातात, गज धरतात आणि त्या फाटक्या आवाजात शेजारणीला विचारतात, "काय गं, आज पाणी कसं आहे?"

शेजारीण सांगते. सून मान खाली घालून ऐकते. मग सासू-सून दोघी ते पाणी भरतात.